लाईट नसतानाचं बटण

१ फेब्रुवारी, रविवार

पुढची खोली माझी! सासूबाई सकाळी तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाल्या, शिंप्याने सोडल्यापासून खोली नुसती धूळ खाते, तुझं ते केसांचं दुकान तिथे मांड. मी चहा गाळत होते. गाळणं हातात राहिलं आणि चहा ओट्यावर. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. घर त्यांच्या नावावर, खोली त्यांची, त्यामुळे शब्दही त्यांचाच हवा होता. दोन वर्षं मी मागितली नाही. नाही म्हणतील म्हणून, की हो म्हणतील म्हणून?

शेहेचाळीस पूर्ण. बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये. बाटल्या, लेबलं, बर्नर. आणि खोपोलीच्या रविवारच्या क्लासमध्ये पहिल्यांदा एका बाईच्या केसांना कर्लरने वळण दिलं तेव्हा जे वाटलं ते लॅबमध्ये कधी... पुरं लिहीत नाही. कृतघ्नपणा होईल.

२२ला कोंडाणे गावच्या प्रणालीचं लग्न. आतापर्यंत नवरीच्या बहिणी, मावश्या, करवल्या झाल्या. ही पहिली नवरी.

आरसा शिंप्याचाच आहे. टेबल आहे, एक जुनी गादी पडून आहे. खुर्ची आमचे दिलीप बघतो म्हणाले. स्ट्रेटनर एक, कर्लर दोन (जाड, बारीक), ड्रायर एक. हे सगळं सध्या माझ्या कपाटात साड्यांखाली, वायरी एकमेकींत गुंतलेल्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

साडेनऊपासून लाईट नाही. मंगळवार, दुरुस्तीचा दिवस. निघण्यापूर्वी पुढच्या खोलीतल्या टेबलाचं माप घेतलं. चार फूट बाय पावणेदोन. पुरेल.

संध्याकाळी सात. क्रमाने लिहिते.

दोनला लाईट आली. अडीचच्या सुमारास मागच्या अंगणात बसलेल्या सासूबाईंना वास आला. पुढच्या खोलीत गादीवर स्ट्रेटनर पडलेला, तापलेला. खाली तपकिरी भोक आणि धूर. त्यांनी प्लग ओढला, फडक्याने स्ट्रेटनर उचलून फरशीवर टाकला. दुसरं कुणी वर तांब्याभर पाणी ओतून थांबलं असतं. सा.बा. थांबल्या नाहीत. गादी एकटीने फरफटत अंगणात नेली आणि कोयत्याने उभी फाडली. आत कापसातून हातभर लांब लाल वाट चालत गेली होती. वरून काहीच दिसत नव्हतं. पेंढ्याची उडवी पेटते ती अशीच आतल्या आत पेटते, ज्वाळ बाहेर येईस्तोवर दुसरा दिवस उजाडतो, असं नंतर म्हणाल्या. वय बहात्तर. तीन बादल्या पाणी.

मी चारला आले तेव्हा अंगणभर ओला काळा कापूस.

लाईट गेली तेव्हा माझी लेक ओवी त्याच खोलीत केस सरळ करत होती. अर्धेच झाले म्हणून चिडून, बांधून कॉलेजला गेली. ओवीने बटण चालू ठेवलं. लाईट आल्यावर रिकाम्या खोलीत स्ट्रेटनर आपोआप तापला. एवढं साधं.

सहाला आली. म्हणाली, "मी बटण बंद केलं होतं. आणि टेबलावर ठेवला होता."

मी म्हटलं, "मग गादीवर चालत गेला का?"

सा.बा. कोपऱ्यात बसून हाताला खोबरेल लावत होत्या. "वीस वर्साची घोडी, अक्कल नाय. लाईट जाते तशी यांची डोकी पन जातात."

ओवी जेवली नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

सा.बां.चा निकाल: गॅस आणि देवापुढचा दिवा सोडून घरात तापणारी वस्तू नको. केसांच्या इस्त्र्या बाहेर. मी विचारलं, खोलीचं? "खोली ऱ्हायली तर खोलीचं."

बरोबरच आहे त्यांचं. तरीही दुपारभर लॅबमध्ये एकच विचार: बर्नर बावीस वर्षं पेटतायत, एकदाही आग नाही. का नाही? मुलं हुशार आहेत म्हणून नव्हे. तापलेल्या वस्तूला ठरलेली जागा आहे म्हणून. घरी जागाच नव्हती! आणि माझ्या कपाटात कर्लर आणि केसांचा स्प्रे एकाच पिशवीत. स्प्रेमध्ये अल्कोहोल. बर्नरजवळ अल्कोहोलची बाटली ठेवणाऱ्या मुलाला मी लॅबबाहेर काढते.

घरी आल्याबरोबर बोलले. दहा दिवस द्या, जागा करून दाखवते. तुम्हाला पटली नाही तर खोलीचा विषय मी पुन्हा काढणार नाही. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग: "नीलम, तुझ्या हातून असं नाय व्हायचं, ते मला म्हाईत हाय. पन पोरीचा काय भरवसा?"

म्हणजे हो!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रयोग १. स्टीलचा उभा डबा, त्यात गरम स्ट्रेटनर. डब्याची कड हाताला चटका देते. वायर तोंडाशी दुमडते. झाकण लावलं तर आत पाण्याचे थेंब. बाद.

प्रयोग २. जाड सुती फडक्याच्या चार घड्या. पिवळा डाग, इस्त्री करपल्यासारखा वास. फडकं म्हणजे कापूसच ना. तीन दिवसांपूर्वी अंगणात काय पाहिलं आपण? स्वतःवरच हसले.

प्रयोग ३. फरशीवर नुसताच. चालतं, पण पायाखाली येईल.

३६० अंशांपर्यंतचा थर्मामीटर लॅबमधून आणला. रजिस्टरमध्ये माझं नाव, कारण "वैयक्तिक". सोमवारी परत. स्ट्रेटनर बंद केल्यापासून हातात धरवेपर्यंत तेवीस मिनिटं! मी आजवर पाच मिनिटांत साड्यांखाली ठेवत होते. इतकी वर्षं काही झालं नाही ते नशीब. त्याला मी सवय समजत होते.

दि. पाळीवरून आले, ओट्यावर थर्मामीटर, घड्याळ आणि ड्रायर बघून म्हणाले, स्वयंपाक आज कुठल्या लॅबमध्ये आहे?

८ फेब्रुवारी, रविवार

कडप्पा! फरशीच्या दुकानामागे ओट्याचे तुटके तुकडे पडलेले असतात. दीड फुटाचा एक उचलला, दुकानदार म्हणाला न्या. त्यावर गरम स्ट्रेटनर ठेवला: दगडाला काही नाही, डाग नाही, वास नाही, आणि गार होतो अठरा मिनिटांत. दगड उष्णता ओढून घेतो. हे मी मुलांना दरवर्षी सांगते. सांगणं वेगळं आणि रविवारी सकाळी स्वतःच्या ओट्यावर बघणं वेगळं. नाचावंसं वाटलं. (थोडी नाचले. सा.बा. देवळात होत्या.)

मग आमच्या दहिवलीतल्याच मुनीरभाईंच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात. कागदावर काढून नेलं होतं: पत्र्याच्या तीन उभ्या नळ्या, वर खाली उघड्या, अंगाला भोकं म्हणजे हवा खेळेल. भिंतीपासून चार बोटं पुढे. खाली कडप्पा बसेल असा लोखंडी कठडा. वायरींना रुंद आकडे, म्हणजे त्या आवळून गुंडाळायला नकोत. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"मॅडम, बंदुका ठेवायच्या काय?"

केसांच्या इस्त्र्या म्हटल्यावर कामावरचे दोघे हसले. मुनीरभाई हसले नाहीत. त्यांच्या सुनेने गेल्या वर्षी तापलेला स्ट्रेटनर प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवला होता, टेबलाचा मधला भाग खाली लोंबला. म्हणाले, एक घरासाठी पण बनवतो, तुमचंच डिझाईन. माझं डिझाईन!

ओवीला दाखवायला धावत आले. तिने कागद पाहिला, "छान आहे," म्हणाली आणि वेणीला तेल लावायला बसली. ३ तारखेपासून रोज तेल आणि घट्ट वेणी. मुद्दाम.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अकरा. कॉलेजला उशिरा जाते आहे. आधी हे लिहायला हवं.

पावणेदहाला लाईट गेली. स्टँडसाठी टेबलाच्या कडेपासूनचं माप हवं होतं, टेप घेऊन पुढच्या खोलीत गेले. दार लोटलं, आत अंधार. माझा हात आपोआप बोर्डावर गेला. दोन बोटांनी दोन्ही बटणं एकदम खाली. लाईट आली का बघायला. लाईट गेली आहे हे मला माहीत होतं! तरी. आपण सगळे हेच करतो. लाईट गेली की येता जाता बटण दाबून बघायचं. मग दिव्याचं बटण मी पुन्हा वर केलं. दुसरं तसंच राहिलं. दुसरं प्लगचं.

टेप हातात धरून उभी राहिले.

गेल्या मंगळवारी हेच. माप घ्यायला आले होते. टेबलावर स्ट्रेटनर होता. थंड. माप घ्यायला अडचण होत होती म्हणून उचलला आणि गादीवर ठेवला. गादीवर मी ठेवला. हे नक्की, हातातलं वजनसुद्धा आठवतं. बटण दाबलं का? आज दाबलं तसंच दाबलं असणार. नक्की? शंभर टक्के नाही म्हणता येत. पण ओवी म्हणाली बंद केलं होतं, आणि ती म्हणाली टेबलावर ठेवला होता, आणि यातली दुसरी गोष्ट खरी आहे हे आता मला माहीत आहे.

थंड वस्तू मी गादीवर ठेवली. लाईट नसताना थंड आणि बंद यांत फरकच कळत नाही.

"मग गादीवर चालत गेला का?" हे मी विचारलं होतं. मी.

३ तारखेच्या पानावर मागे गेले. "ओवीने बटण चालू ठेवलं" यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, मुलांना प्रयोगवहीत मारायला लावते तशी. वर "मी" लिहिलं आणि बाजूला सही.

आज संध्याकाळी सांगायचं.

११ फेब्रुवारी, बुधवार

नाही सांगितलं. काल संध्याकाळी मुनीरभाईंचा माणूस स्टँड घेऊन आला आणि मी... इतका सुंदर झाला आहे! काळा रंग, नळ्यांना बारीक भोकांच्या ओळी, कडप्पा कठड्यात अचूक बसला. दि.नी भिंतीत गज ठोकून बसवून दिला. सा.बा. दारातून बघत होत्या. त्या वेळी सांगावं असं वाटलं नाही. वाटलं नाही की वाटू दिलं नाही?

एक मात्र केलं. खोलीत लावायला मी केलेल्या नियमांच्या कागदावर पहिला नियम होता "बटण बंद". तो खोडला. नवा: बटणावर विश्वास नाही. काम झालं की प्लग भिंतीतून उपसायचा आणि दारासमोरच्या खिळ्याला टांगायचा, म्हणजे कुणालाही उंबऱ्यावरून दिसेल. लाईट असो, नसो.

नियम बदलला. का बदलला ते कुणाला सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सा.बां.ची परीक्षा. मला वाटलं होतं बघतील, हात लावतील, हो किंवा नाही म्हणतील. त्या पदरात काहीतरी घेऊन आल्या. जळक्या गादीतला कापूस! जपून ठेवला होता. म्हणाल्या, कर गरम.

तिन्ही नळ्यांमध्ये तिन्ही वस्तू पूर्ण तापवून ठेवल्या. त्यांनी कापसाची बोंडं केली: एक कडप्प्यावर, एक नळीला बाहेरून टेकवून, एक खाली फरशीवर. आणि स्टूल ओढून समोर बसल्या. अर्धा तास! मी उभी. बोलायचं नाही. नळीजवळचं बोंड किंचित पिवळं झालं. सा.बां.नी ते उचललं, फोडलं, आत फुंकर मारली, नाकाशी धरलं. मग कडप्प्यावरचं. मग फरशीवरचं.

"पेटत नाय," म्हणाल्या. मग खिळ्याकडे बोट: "हे काय?" सांगितलं. उठून उंबऱ्यावर गेल्या, तिथून पाहिलं, परत आल्या. "हां. पिन लोंबताना दिसली की म्हातारीला पन झोप लागंल."

पास! प्रणालीची ट्रायल खोलीत करायला परवानगी. खोली कायमची द्यायचं लग्न पार पडल्यावर ठरवतील.

जाता जाता: "फकस्त पोरीचा हात नाय लागायचा याला. तुझ्यावर देते मी."

तुझ्यावर देते. मी "हो" म्हणाले. तोंडातून गेलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

ओवीला सांगितलं. अंगणात, कपडे वाळत घालताना, चेहरे चादरीआड होते म्हणून जमलं. सगळं: टेप, थंड स्ट्रेटनर, दोन बोटं.

तिने उरलेले चिमटे लावले. मग म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाहीये."

मला कळलं नाही. तर बारा दिवस ती प्रत्येक बटण तीनदा बघते आहे. पंखा, गॅस, कॉलेजच्या वर्गातले दिवेसुद्धा. स्टेशनवरून एकदा परत आली होती, गॅस बघायला. "मला वाटायला लागलं होतं की मी बंद केलं असं मला नुसतं वाटतं. आई, मला ते बटण बंद केल्याचा आवाज आठवत होता. तरी मी मानलं की माझंच चुकतंय."

मी चादर तोंडावर धरली. तिने ती ओढली आणि हसली, रडतही होती. "रडू नको, चादर परत धुवावी लागेल."

मी म्हटलं, आत्ता जाऊन आजींना सांगते. तिने हात धरला. "आत्ता सांगितलंस तर खोली गेली. प्रणाली कुठे बसणार, मोरीत? बावीसनंतर सांग. मी थांबते. पण सांग हं. मला परत आठवण करून द्यायला लावू नकोस."

मी ऐकलं. मुलीच्या मोठेपणाआड लपणं म्हणायचं याला, की शहाणपण? दोन्ही शब्द लिहून ठेवते. बावीसनंतर बघू कुठला खोडायचा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ट्रायल! प्रणाली आणि तिची मोठी मावशी. केस कमरेपर्यंत, दाट, सरळ, हातात घेतले की दोरखंडासारखे जड. जाड कर्लर, मग अंबाडा सैल आणि उजव्या बाजूने चार बटा मोकळ्या. आरशात तिने स्वतःला पाहिलं आणि मोबाईल काढायचा विसरली. हे मी लक्षात ठेवणार आहे.

मावशीचं लक्ष मात्र स्टँडवर. हे कुठं मिळतं? आमच्याकडे सगळ्या पोरी पलंगावर ठेवतात. सा.बा. दारातूनच म्हणाल्या, "आमच्या नीलमनं काढलंय ते. कालेजात शास्त्र शिकवते ती." मी शिकवत नाही, बाटल्या धुते, लेबलं लावते. दुरुस्त करायला हवं होतं. इतका आनंद झाला होता की केलं नाही. दुरुस्त न केलेल्या गोष्टी वाढत चालल्या आहेत.

२२ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळ. पाय दुखतायत, बोटांना चटके दोन, घसा बसलाय, आणि मी आयुष्यात इतकी... क्रमाने.

सहाला कोंडाण्यात. पेटी, स्टँड काढता येत नाही म्हणून नुसता कडप्पा, पिशवीत. मांडवातल्या बायका: "ताई, पाटा आणलात, वरवंटा राह्यला का?" हसू दे. तापलेल्या चार वस्तू लग्नघरात, आजूबाजूला शालू, करवल्या, पसरलेल्या गाद्या. कडप्पा कोपऱ्यात मांडला, भोवती रांगोळीने गोल काढला, म्हटलं या गोलात पाय नाही. सगळ्यांनी पाळला! रांगोळी ओलांडत नाही कुणी.

अडचण: काल हळदीत केसांत तेल आणि हळद दोन्ही. सांगून ठेवलं होतं, पण हळदीच्या गर्दीत कोण कुणाला थांबवणार? मागच्या दारी पाटावर बसवून दोनदा धुतले. डोंगराचं पाणी, प्रणालीचे दात वाजत होते. ड्रायरने वाळवले. उजवी बाजू पुरी झाली आणि लाईट गेली.

अर्धी नवरी कुरळी, अर्धी सरळ! मुहूर्ताला दीड तास. मावशी म्हणाली, "हा अर्धाच माल नेला तर चालंल का नवऱ्याला?" प्रणाली हसता हसता रडायच्या बेतात.

आणि तेव्हा पाहिलं. मावशी हे बोलत बोलत भिंतीपाशी गेली आणि बटण दाबलं. खाली, वर, खाली. लाईट आली का बघायला. ती सरली, मागून करवली आली, तिनेही दाबलं. मग नवरीचा काका दारातून वाकून. तिघांनी मिळून बटण कुठल्या स्थितीत सोडलं, कुणालाही सांगता आलं नसतं. मी आधीच दोन्ही प्लग उपसून खिळ्याला टांगले होते. म्हणून मला फक्त बघत बसता आलं.

काकांनी मांडवातल्या जनरेटरवरून वायर ओढून दिली. उरलेला अर्धा भाग चाळीस मिनिटांत. माझा हात एकदाही थरथरला नाही. अंतरपाट धरला तेव्हा मी मागे उभी होते. मागून दिसत होता तो अंबाडा माझा होता, सगळ्या मांडवात मला तेवढाच दिसत होता.

तिघींनी नंबर घेतला. एक खालापूरकडच्या चौक गावची, लग्न एप्रिलमध्ये.

परतताना टेंपोत विचार: सगळेच दाबतात. म्हणजे माझी चूक लहान? नाही. सगळे दाबतात म्हणून ती समजते. लहान होत नाही. आणि ३ तारखेनंतर मी जे केलं ते काही सगळे करत नाहीत.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजमधून आले तर सा.बा. ओटीवर वाट बघत. कोंडाण्याहून कुणीतरी त्यांच्या देवळातल्या मैत्रिणीला फोन केला, तिने यांना. अख्ख्या दहिवलीला कळलंय. त्यांनी कमरेची किल्ली सोडली, पुढच्या खोलीची, शिंप्याने परत केल्यापासून ती तिथेच असते. माझ्या हातात ठेवली. "पाडव्याला पाटी लाव. पोरीला तेवढी लांब ठेव."

घेतली. आधी बोलायला हवं होतं. घेतली.

ओवी स्वयंपाकघराच्या दारात होती. ताटं मांडली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. सकाळी, लाईट जायच्या आधी. सा.बा. अंगणात दात घासून आल्या, मी त्यांना पुढच्या खोलीत नेलं. बोर्डासमोर उभं केलं आणि करून दाखवलं: टेप अशी, स्ट्रेटनर असा उचलला, गादी इथे होती, दोन बोटं अशी. शब्दांपेक्षा ते सोपं गेलं. शेवटी म्हटलं, ओवीने बंद केलं होतं. मी चालू केलं.

त्यांनी बोर्डावरून एकदा बोट फिरवलं.

"तुला कवा कळलं?"

"दहा तारखेला."

बोटांवर मोजलं त्यांनी. खरंच मोजलं, अंगठा पेरांवर फिरवून. "आन मी कापूस घेऊन बसलेवते तवा तुला म्हाईत होतं."

"हो."

"तुझ्यावर देते म्हनाले, तवा."

"हो, आई."

आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. केला असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ओवीच्या आत्याला फोन करून सांगितलं मी. सगळ्या नातेवाईकांत सांगितलं, पोर बेफिकीर म्हनून. घर जाळायला निघाली म्हनून." मग हात पुढे केला. "किल्ली दे."

दिली. कमरेला लावली आणि दि.च्या चुलत्यांच्या घराकडे निघून गेल्या. चहा न घेता. पंधरा मिनिटांनी लाईट गेली. मी अंधारात उभी होते आणि हात बोर्डाकडे गेला नाही. त्याचा आनंद झाला. अशा वेळीही आनंद होतो? झाला खरा. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं हलकं हलकं, आणि भीती, दोन्ही एकाच वेळी. लॅबमध्ये दुपारी एक बीकर फोडला.

१५ तारखेचे दोन शब्द बघितले. "शहाणपण" खोडला. एक रेघ.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काल संध्याकाळी ओवी आली तेव्हा सा.बां.नी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पाऊण तास. बोलणं ऐकू आलं नाही, एकदा सा.बां.नी नाक शिंकरलं तेवढं कळलं. दार उघडलं तेव्हा ओवीचे केस मोकळे होते, तेल पुसलेलं, आणि सा.बां.च्या हातात फणी. मला वाटलं, झालं, मिटलं.

मिटलेलं नाही. ओवीने स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितलं. आत्याला फोन झाला, आजी स्वतः बोलली, माझं चुकलं म्हणाली, नातीपुढे. मग ओवीला विचारलं: तुझ्या आईनं चौदा दिवस का लावले?

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तिलाच विचार. त्यातले नऊ माझ्या संमतीने होते हेही सांगितलं. पहिल्या पाचांचं मला माहीत नाही."

पहिल्या पाचांचं मलाही सांगता येत नव्हतं. आज सकाळी सा.बां.नी विचारायच्या आधीच सांगायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "खोलीसाठी. खोली जाईल म्हणून गप्प बसले. दुसरं कारण नाही." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "जाळलेल्या गादीचं मला काय वाटत नाय गं. कापूस हाय, परत भरता येतो." मी दहा मिनिटं थांबले. ताटलीतले तांदूळ संपले, दुसरे घेतले.

संध्याकाळी साडेपाचला चौकच्या मुलीचा फोन. कोंडाण्याचे फोटो बघितले, अगदी तसंच हवं, पुढच्या रविवारी आईला घेऊन ट्रायलला येते, कुठे यायचं? दहिवलीत तुमची जागा आहे ना? माझ्या अंगावर काटा आला, खरंच, एप्रिलचं लग्न, केस तिचे खांद्यापर्यंत, त्याला वेगळं काहीतरी करावं लागेल, डोक्यात लगेच दोन पर्याय. म्हटलं, उद्या सांगते.

ओटीवरून सा.बा.: "कोनाचा गं?"

सांगितलं. चौकची. ट्रायलला कुठे येऊ विचारत होती.

"मग काय म्हनालीस?"

"उद्या सांगते म्हटलं."

समोरून एक रिक्षा गेली, मग दुसरी.

"उद्या कवा?"

"सकाळी."

"बरं."

किल्ली कमरेलाच आहे. पण "बरं" म्हणाल्या.